खाऱ्या वाऱ्यातलं घरगुती वर्कशॉप: आधी गंजाचा बंदोबस्त, मग हत्यारं

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी कोल्हापूरहून हत्यारांचा एक भारीतला सेट आणला. लोखंडी पेटी, आत काळ्या फोमचे कप्पे, प्रत्येक पाना आपापल्या खाचेत, बघतच बसावं असा. आमचं घर देवगडजवळ, समुद्र चालत दहा मिनिटांवर. घराच्या बाजूला रिकामा गोठा होता तो साफ करून गाडी लावायला आणि खटपट करायला घेतला, पेटी तिथे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला टेकवून ठेवली, जूनला पाऊस लागला आणि मग कोण जातंय तिकडे. गणपतीला चार दिवस असताना माटवीची (गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीची) एक पट्टी सुटली म्हणून पेटी उघडली तर पाने सगळे तांबूस, फोमला हात लावला तर ओला स्पंज, आणि नवी पक्कड काही केल्या उघडेना. शेजारचे काका खळ्यातून (अंगणातून) बघत होते, म्हणाले, "खारो वारो लागलो काय लोखंडाचो पण पापड होता रे!"

तेव्हापासून कोणी विचारलं की घरी छोटं वर्कशॉप करायचंय, कुठला ड्रिल घेऊ, तर मी आधी विचारतो ठेवणार कुठे. घाटावरचे व्हिडिओ बघून आपल्याकडे वर्कशॉप लावलं की माझ्यासारखं होतं.

कारण साधं आहे. लोखंडाला गंज लागायला पाणी आणि हवा पुरते, मीठ असेल तर तेच काम कितीतरी जोरात होतं. वाऱ्याबरोबर येणारे खारे कण पान्यावर बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते ना, अगदी तेच तुमच्या पान्यावर चालू असतं, पाऊस आत आला नाही तरी. त्यात हाताचा घाम, तोही खाराच. म्हणून काम झालं की हत्यार पुसून ठेवायचं, आणि गंजलेलं असेल किंवा बाहेर वाऱ्यावर पडून राहिलेलं असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं आणि मग तेल. धुतल्याशिवाय तेल लावलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं.

आता जागा. चिरा पाणी पितो, पावसात भिंत हाताला गार ओलसर लागते, त्यामुळे भिंतीला काहीही थेट टेकवू नका. मी भिंतीवर दीड इंच जाडीच्या पट्ट्या ठोकून त्यावर प्लाय मारला आणि मागून हवा खेळायला वर-खाली फट ठेवली. प्लाय घेताना आयएस ७१० छापलेला मरीन घ्या, महाग पडतो पण साधा एमआर प्लाय आपल्याकडे दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो आणि पापुद्रे सुटतात. आणखी एक, चिऱ्यात प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू पिळला की पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि वजन टांगलं की गिट्टीसकट बाहेर येतो, दगड मऊ आणि भोकाभोकाचा असल्यामुळे. हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर भोकाचं बीळ होतं. मग सुक्या सागाची किंवा फणसाच्या नारेची (आतल्या कडक लाकडाची) जाड खुंटी घट्ट ठोका आणि स्क्रू त्या लाकडात मारा. दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू नका. जुन्या घरांत कंदील टांगायच्या खुंट्या बघा, त्या कशा बसवल्यात ते बघितलं तरी कळेल.

हत्यारांसाठी एक दाराचं कपाट हवंच. उघडा पेगबोर्ड (हत्यारं टांगायचा भोकाभोकाचा बोर्ड) फोटोत छान दिसतो पण समुद्राजवळ तो फक्त मोठ्या, रोज वापरातल्या वस्तूंना ठीक. कपाटात मी खाली जुन्या पद्धतीचा झिरो बल्ब लावलाय, नावाला झिरो, खातो साधारण १५ वॅट, आणि तीच त्याची गंमत, आतली हवा बाहेरपेक्षा जरा गरम राहते म्हणजे लोखंडावर दव धरत नाही. एलईडीवाला झिरो बल्ब घेऊ नका, तो गरमच होत नाही. बल्बच्या जवळ तेलाचं फडकं ठेवू नका एवढं मात्र पाळा. छोट्या वस्तू म्हणजे ड्रिल बिट, आटे पाडायचे टॅप-डाय वगैरे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं पोट भरलं, मंद आचेवर तापवले की परत निळे होतात, फक्त तवा जेवणाचा वापरू नका. आणि फोम! पेटीतला फोम पहिल्याच दिवशी काढून फेका, तो ओल धरून ठेवतो आणि पान्याला चिकटवून ठेवतो.

घ्यायचं काय, तर सुरुवातीला फार नाही. ८ इंची पक्कड, ६-७ पासून २०-२२ पर्यंतचा आठ पान्यांचा सेट (बाईकला जास्त करून १०, १२, १४ लागतात), तेवढ्याच मापाचे रिंग पाने, अर्धा किलोची हातोडी, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटी आणि एक गोल कानस, हॅकसॉ. बेंचला ४ इंची व्हाईस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) पाहिजेच, तो बेंचच्या पायाच्या बरोबर वर बसवा म्हणजे ठोकताना टेबल नाचत नाही, आणि जबडा उभ्याने आपल्या कोपराच्या उंचीला येऊ दे. बेंचच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे सरकवा, वाळवी लगेच दिसते. हॅकसॉचं पातं लावताना दात पुढच्या बाजूला, आपल्यापासून लांब. पातळ पत्रा किंवा पाईप कापायचा तर इंचाला २४ दातांचं पातं, जाड सळईला १८, कारण एका वेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात आणि माणूस पात्याच्या कंपनीला शिव्या घालतो.

स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच्या घ्या, पण स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही. दुकानात मिळतो तो बहुतेक ३०४ ग्रेडचा, किनाऱ्यावर त्याच्यावर चहाचे डाग पडल्यासारखे ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, तो खाऱ्याला जास्त टिकतो. घराच्या आत ३०४ चालतो, बाहेर, फाटकाला वगैरे, ३१६ मिळाला तर बघा.

त्या पकडीचं पुढे काय केलं ते सांगतो, कारण हे प्रत्येकाला कधी ना कधी करावं लागणार. पक्कड प्लास्टिकच्या डब्यात ठेवून वर बुडेल एवढं पांढरं व्हिनेगर ओतलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी चहासारखं झालेलं. पितळी ब्रशने घासली, सांध्यात थोडं व्हिनेगर परत सोडून हळूहळू हलवली, तासाभराने किरकिर करत उघडली. मग लगेच खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवायची, आम्ल मारायला, हे विसरलात तर संध्याकाळपर्यंत परत तांबूस. मग कढत पाणी ओतायचं, गरम लोखंडावरचं पाणी आपोआप उडून जातं, पुसायचं आणि गरम असतानाच सांध्यात शिलाई मशीनचं तेल. कोणी म्हणतं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरा, तेही आंबटच. पण आगळात मीठ असतं, म्हणजे परत तेच! आमसुलाने पितळेची समई घासा, लोखंडाला ते नको.

फार गंजलेलं, आणि ज्याचा आकार बिघडू द्यायचा नाही असं काही असेल, उदाहरणार्थ आजोबांचा रंधा, तर विजेची पद्धत चांगली. प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. रंध्याचं पातं बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, आणि बांधकामाच्या सळईचा एखादा तुकडा पॉझिटिव्हला, दोन्ही पाण्यात पण एकमेकांना चिकटता कामा नयेत. १२ व्होल्टवर पाच-सहा तास. उलटं जोडलंत तर सळई राहील आणि पातं खाल्लं जाईल. सळईच्या जागी स्टेनलेस अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून हे खळ्यात, उघड्यावर, आणि जवळ विडी-काडी नाही. हात घालायच्या आधी चार्जर बंद. नवीन स्मार्ट चार्जर पुढे बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, जुना जड डबा चार्जर लागतो. बाहेर काढल्यावर वर काळा गाळ बसलेला असतो, तो भांड्याच्या घासणीने निघतो आणि खाली खरं लोखंड दिसतं.

तेलाबद्दल प्रत्येक घरात वेगळं मत. आमच्या आईची कोयती खोबरेल तेलावर चाळीस वर्षं टिकलीय, पण ती रोज वापरात आहे हे लक्षात घ्या. खोबरेल पातळ थर धरतं, दोन आठवडे ठीक, चार महिन्यांच्या पावसाला पुरत नाही आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या. डब्ल्यूडी-४० चं नावच पाणी हटवण्यावरून पडलंय, ते ओलं हत्यार सुकवायला आणि जाम नट सोडवायला उत्तम, पण मारून ठेवलं आणि पावसाळा निघाला असं होत नाही. जूनच्या आधी पान्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. लाकडाला लागणाऱ्या हत्यारांना, पटाशी-रंध्याला, मेण पॉलिश, नाहीतर लाकडावर डाग. गाडीचं काढलेलं काळं ऑईल फुकट मिळतं म्हणून लावू नका, त्यात आम्ल तयार झालेलं असतं.

वीज हा आपल्याकडचा दुसरा विषय. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, दगड सुका पडला की वीज जमिनीत उतरायला वाटच उरत नाही. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर मार्च ते मे त्यात पाणी ओतत राहा, आणि वर्कशॉपच्या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवूनच घ्या, ओल्या जमिनीवर अनवाणी ड्रिल धरणारे आपण. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर किंवा पंप गुंगुं करत तापतो, तेव्हा चालवत राहू नका.

ग्राइंडरची डिस्क ही पण ओलीची गिऱ्हाईक. कापायच्या डिस्कवर मध्ये रिंगवर तारीख छापलेली असते, ती बघून घ्या, जुनी स्वस्त मिळाली तरी नको. डिंकासारख्या रेझिनने बांधलेली असते, ओल खाऊन कमजोर होते आणि ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो. सुक्या डब्यात आडव्या ठेवा. गार्ड काढायचा नाही, चष्मा लावायचा, आणि लुंगी नेसून ग्राइंडर चालवायचा नाही, हे मी एकदा केलंय, लुंगी गेली, बाकी वाचलो. ड्रिलला मात्र हातमोजे नकोत, बिटात अडकून बोट ओढलं जातं. लोखंडात भोक पाडताना आधी सेंटर पंचने ठोकून खूण, बारीक बिट जोरात, जाड बिट हळू आणि तेलाचा थेंब. पिळदार कीस निघतोय तोवर बिटाला धार आहे, पावडर पडायला लागली की धार गेली.

आणि ग्रास कटर, बागायतीवाल्या घरात तो असणारच. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, पाणी खाली बसतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो, मग ऑगस्टमध्ये दोरी ओढून ओढून खांदा जातो. कलमांखालचं गवत काढून झालं की टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. प्लग काढून आत टू-स्ट्रोक ऑईलचे दोन-चार थेंब, दोरी एकदा हळू ओढायची, प्लग परत. ऑईल-पेट्रोलचं प्रमाण पुस्तकात दिलंय तेच, अंदाजपंचे नको. माझा कटर आता असाच कोरडा टांगलेला असतो, काका मागायला आले की देतो, पेट्रोल त्यांचं त्यांनी आणायचं.