अमेरिकेत मुलं प्री-मेड करतायत? मग आधी एक वही सुरू करा

आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी निदान दोन आया तरी मला चहाच्या टेबलापाशी गाठतात आणि विचारतात, अगं तुझ्या मुलीला मेडिकलला ॲडमिशन कशी मिळाली, क्लास कुठला लावला होतास? क्लास! हसू येतं, पण खरं सांगायचं तर मीही सुरुवातीला हेच विचारत फिरत होते, कारण आपल्या डोक्यात बारावी, नीट, रँक, संपला विषय. इथे आधी चार वर्षांची डिग्री (ती करताना मेडिकलची तयारी, तिलाच प्री-मेड म्हणतात) आणि मग मेडिकल, आणि त्या चार वर्षांत तुम्ही काय काय केलंत ते सगळं मोजलं जातं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हटलं एकदाच लिहून टाकावं. यातलं निम्मं ठेच लागल्यावर कळलेलं आहे.

सगळ्यात आधी व्हिसा बघा, हे कोणी सांगत नाही म्हणून वरच लिहिते. तुमचं ग्रीन कार्ड लायनीत अडकलंय आणि मूल एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे, तर २१ वर्षं पूर्ण झाली की ते डिपेंडंट राहत नाही, बहुतेकांना एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो, आणि मग इथे बालवाडीपासून शिकलेलं असलं तरी मेडिकल कॉलेजच्या हिशेबी ते इंटरनॅशनल. बरीच कॉलेजं, त्यातून सरकारी तर जास्तच, इंटरनॅशनल मुलांचा अर्जच घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांतली काही वर्षा-दोन वर्षांची, कधी चारही वर्षांची फी आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, दाखवा म्हणतात. कुठलं कॉलेज काय मागतं ते एमएसएआर नावाच्या डेटाबेसमध्ये बघायला मिळतं, थोडे पैसे पडतात पण घ्याच. हे ज्युनियर इयरला, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, कळलं तर फार उशीर होतो, आमच्या ओळखीत झालाय.

आता अभ्यास. प्री-मेड ही डिग्री नव्हे, तो नुसता रस्ता आहे, मेजर काहीही चालतं, इतिहास घ्या नाहीतर संगीत घ्या. फक्त ठरलेले कोर्स झाले पाहिजेत: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गेनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स साधारण एकेक वर्ष, सगळे लॅबसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्लिश, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅट्स. सायकॉलॉजी-सोशिऑलॉजी सगळीकडे सक्तीचं नाही, पण एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, त्याचा अख्खा एक विभाग आहे तेव्हा घेऊनच टाका. हायस्कूलमधलं एपी (कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचं) क्रेडिट काही मेडिकल कॉलेजं धरतच नाहीत, तेव्हा 'एपीत पाच मिळालेत ना, केमिस्ट्री सुटली' असं परस्पर ठरवू नका.

ऑर्गेनिकबद्दल जरा थांबून बोलते. मी पुण्यातून केमिस्ट्रीत बीएस्सी केलेली, त्यामुळे म्हटलं हे तर मी घरीच शिकवीन. पहिल्या मिडटर्मला चोपन्न! मी तिच्याकडून रिअ‍ॅक्शन्स पाठ करून घेत होते आणि तिच्या पेपरात इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो त्याचे बाण काढायला सांगितले होते. मग मी गप्प बसले आणि ती प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायला लागली, दर आठवड्याला, न लाजता. बी प्लसवर निभावलं. यात समजून घ्यायची गोष्ट अशी की एमडीच्या (इथली मेडिकलची डिग्रीच ही) सामाईक अर्जात, म्हणजे ॲमकासमध्ये, कोर्स परत केला तरी आधीचा ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात, आणि सायन्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतात. त्यामुळे गाडी खरंच घसरतेय असं वाटलं तर विथड्रॉची, म्हणजे कोर्स मधेच सोडण्याची, तारीख काय आहे ते आधी बघा, ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेडच्या अधिकृत पत्रकावर) सोडल्याचा एखादा डब्ल्यू असला तर डीपेक्षा पुष्कळ बरा. एखादाच हं, दर सेमिस्टरला नको.

आणि ती वही. ही माझी सगळ्यात लाडकी सूचना. ॲमकासच्या अर्जात १५ ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर्स, त्यातल्या तीन 'सर्वात महत्त्वाच्या' म्हणून निवडायच्या, त्यांना आणखी १,३२५. प्रत्येकीचे तास, तारखा आणि कोणाला विचारून खात्री करता येईल त्याचं नाव द्यावं लागतं. तीन वर्षांनी कोणाला आठवतंय की फ्रेशमन (पहिल्या) इयरच्या उन्हाळ्यात किती तास कुठे उभे होतो! म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच साधी वही सुरू करा किंवा एक्सेल करा, तारीख, तास, कोणाबरोबर, आणि मुख्य म्हणजे दोन ओळी काय पाहिलं. पेशंटचं नाव नाही लिहायचं, ओळख पटेल असं काहीच नाही, नुसतं काय झालं ते.

त्या दोन ओळींचं सांगते. मुलगी एका मोफत दवाखान्यात शनिवारी फ्रंट डेस्कला बसायची. एकदा एक आजी आल्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, आणि फोनवर इंटरप्रिटर मिळाला तो हिंदीचा. आजी आपलं एकच सांगतायत, 'जीव घाबरतोय गं, सारखा जीव घाबरतोय', आणि तिकडून भाषांतर आलं की पेशंटला भीती वाटते. नर्स विचारतेय कशाची भीती, आजी म्हणतात मला कशाला भीती वाटेल! मुलीला मराठी समजत होतं म्हणून तिने हळूच नर्सला सांगितलं की ही भीती नसावी, छातीत अस्वस्थ होत असलं तरी आमच्याकडे असंच म्हणतात, पुन्हा विचारून बघा. मग मराठीचा इंटरप्रिटर शोधला. एवढंच. त्या संध्याकाळी तिने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि विसरून गेली, आणि तीन वर्षांनी पर्सनल स्टेटमेंट लिहायला बसली, ५,३०० कॅरेक्टर्सचं असतं ते, तर आठ मसुदे फाडल्यावर तिला ही नोंद सापडली. आधीच्या आठांत सगळं 'मला लोकांची सेवा करायची आहे' छाप होतं.

क्लिनिकल अनुभव आणि शॅडोइंग यात लोक गोंधळ करतात. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं, ते पन्नासेक तास झालं, दोन-तीन वेगवेगळ्या स्पेशालिटीत, तर ठीक असतं. क्लिनिकल म्हणजे पेशंटशी प्रत्यक्ष संबंध, ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचं काम), स्क्राइब (डॉक्टर तपासत असताना नोंदी लिहिणारा), मेडिकल असिस्टंट, हॉस्पिटलमधे व्हॉलंटियर, हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा). ते भरपूर हवं आणि सलग हवं, दोन वर्षं दर आठवड्याला तीन तास हे एका उन्हाळ्यात कोंबलेल्या तासांपेक्षा चांगलं दिसतं. आणि इथे एक कळकळीची विनंती. सुट्टीत भारतात पाठवून मामाच्या नाहीतर आत्याच्या हॉस्पिटलमध्ये पोरांना टाके घालू देणं, इंजेक्शन द्यायला लावणं, आणि वर ते अर्जात अभिमानाने लिहिणं, हे अजिबात करू नका. आपल्याला कौतुक वाटतं पण इथल्या प्रवेश कमिटीला दिसतं की लायसन्स नसताना, ट्रेनिंग नसताना या मुलाने पेशंटला हात लावला, गरीब पेशंट होता म्हणून चाललं. ते फार वाईट दिसतं, आणि असतंही. मामाकडे जाऊन नुसतं बघा, ओपीडीत बाहेर किती गर्दी आहे आणि एका पेशंटला किती मिनिटं मिळतात ते बघा.

रिसर्च असला तर छान, पण पीएचडीला चालल्यासारखं करू नका. आणि जे आवडतं ते सोडू नका, मुलगी रविवारी मराठी शाळेत छोट्यांना बाराखडी शिकवायची, आम्ही म्हणत होतो सोड आता, पण इंटरव्ह्यूत दोन ठिकाणी त्यावरच गप्पा झाल्या.

शिफारसपत्रं: साधारण दोन सायन्सचे प्रोफेसर, एक सायन्सबाहेरचा, पण कॉलेजागणिक फरक असतो. काही युनिव्हर्सिट्यांत कमिटी लेटर, म्हणजे कॉलेजच्या समितीचं एकत्रित शिफारसपत्र, असतं आणि त्याच्या तारखा खूप आधीच्या असतात, ॲडव्हायजरला सोफोमोर (दुसऱ्या) इयरलाच विचारा. पाचशेच्या वर्गात ए मिळाला म्हणून प्रोफेसर ओळखत नाहीत, परत तेच ऑफिस अवर्स.

एमकॅट. चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८, ब्रेक धरून साडेसात तासांची परीक्षा. एमडीला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि दिलेल्या परीक्षेचे मार्क कॉलेजांना दिसतातच, त्यामुळे 'बघू तरी एकदा देऊन' हा आपला लाडका प्रकार इथे नको. मूळ परीक्षा घेणाऱ्यांच्याच पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा. आपल्या मुलांचं सायन्स होतं, मार्क जातात ते उताऱ्यांच्या विभागात, कार्समध्ये, आणि ते पाठांतराने येत नाही, दोन वर्षं रोज काहीतरी अवघड वाचल्यानेच येतं. तुमच्या मुलांच्या हातात फोन सोडून दुसरं काही असतं का ते तुम्हीच बघा.

अर्ज साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेर-जूनला सबमिट होतो, आणि ॲडमिशन रोलिंग, म्हणजे अर्ज येतील तसतशा देत जाणारी, असल्यामुळे लवकर जाणाऱ्याचा फायदा. आमचं इथेच चुकलं. एका कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात केलेल्या एकाच कोर्सची ट्रान्सक्रिप्ट मागवायची राहिली, ती येईपर्यंत ॲमकासचं व्हेरिफिकेशन (ग्रेडची पडताळणी) सुरूच होईना, आणि गर्दीच्या दिवसांत त्यालाच वर काही आठवडे लागतात. पाच आठवडे गेले. जिथे जिथे एक कोर्स जरी केलाय तिथली ट्रान्सक्रिप्ट मेमधेच मागवा. जुलैत सेकंडरी निबंध, म्हणजे कॉलेजांनी स्वतंत्रपणे मागितलेले, येऊन आदळतात, प्रत्येक कॉलेजचे वेगळे, दोन आठवड्यांत परत गेलेले बरे, आणि प्रत्येकाची वेगळी फी. पंधरा-वीस ठिकाणी अर्ज म्हणजे काही हजार डॉलर धरा, उत्पन्न कमी असेल तर फी माफीची योजना आहे ती आधी बघा. टेक्सासच्या कॉलेजांचा अर्ज वेगळा, डीओचा (डॉक्टर होण्याची एमडीसारखीच दुसरी डिग्री) वेगळा. डेंटलला एमकॅटऐवजी डॅट ही परीक्षा, फार्मसीची पीकॅट परीक्षा २०२४ मध्ये बंदच झाली, बाकी रस्ता बराचसा असाच.

पैशाचं बोलायचं तर १ जुलै २०२६ पासून नवीन मुलांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी) कर्ज मिळत नाही, फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरवर थांबतं. वरचं कुठून आणायचं हे अर्जाआधी घरात बसून बोला.

आणि दर वर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना एमडीला कुठेच मिळत नाही, त्यामुळे गॅप इयर घेणं, म्हणजे डिग्री आणि मेडिकलच्या मधे एक वर्ष थांबणं, हे नापास होणं नव्हे, आमच्या मुलीनेही घेतलं, स्क्राइबचं काम केलं. फक्त त्या वर्षात कुठे कुठे अर्ज केलाय त्याची यादी नातेवाइकांना देऊ नका. मी एकदा फोनवर सासूबाईंना तीन नावं सांगितली, तर डिसेंबरपर्यंत त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीतले वॉचमनकाकासुद्धा विचारायला लागले, ताईंचं त्या दोन नंबरच्या कॉलेजचं काय झालं.