घरासमोरचा रॅम्प: कोबा, दगड की लोखंड?

व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा ठरलं की घरात पहिली चर्चा मजबुतीची होते. सळई किती टाकायची, पत्रा किती जाड घ्यायचा? खरं तर त्यावरून जाणार एक खुर्ची, खुर्चीतलं माणूस आणि मागून ढकलणारं दुसरं माणूस. अडीचशे-तीनशे किलो धरले तरी पुष्कळ झाले, आणि नीट बांधलेला कुठलाही रॅम्प तेवढं पेलतो. अपघात होतात ते ओल्या उतारावर चाक किंवा ढकलणाऱ्याचा पाय सरकून. म्हणून सामान निवडताना मजबुतीच्या आधी पकड बघा.

आधी टेप घ्या

अंगणापासून दाराच्या फरशीपर्यंतची उंची मोजा. प्रत्येक इंच उंचीला बारा इंच लांबी, हे प्रमाण पक्कं धरा. जोतं दीड फूट असेल, म्हणजे साधारण तीन पायऱ्या, तर रॅम्प अठरा फुटांचा होतो. आकडा ऐकून बहुतेक जण दचकतात आणि "नऊ फुटांत बसवू" म्हणतात. तसं करू नका. माणूस आणि खुर्ची मिळून 90 किलो असतील तर बारास एक उतारावर साडेसात किलोंच्या आसपास जोर सतत लावावा लागतो. लांबी निम्मी केली की तो पंधरा किलोंवर जातो. घरी ढकलणारी व्यक्ती बहुतेक वेळा साठी ओलांडलेली असते. तिचा विचार करा.

जागा कमी असेल तर रॅम्प भिंतीकडेने वळवा आणि वळणावर पाच बाय पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवा. तेवढाच सपाट टप्पा दारासमोरही हवा, नाहीतर एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्याने कडी काढायची वेळ येते. रुंदी चार फूट ठेवा.

माती आणि पाणी बघा

सातारा-सांगलीत एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. मिरज, वाळवा, कराडकडे नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर एक-दोन वर्षांत मधोमध तडा जातो. काळी माती खणून काढा, मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थराने पाणी मारून धुम्मस करा आणि मगच वर काम चढवा. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पाऊस इतका लागून राहतो की शेवाळ हाच मुख्य शत्रू. माण, खटाव, जत, आटपाडीत तो प्रश्न कमी, पण तिथलं ऊन लोखंड तापवतं.

आणि सांगलीच्या पूरपट्ट्यात राहत असाल तर 2005, 2019, 2021 ही सालं आठवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौकासारख्या ठिकाणी रॅम्प एक तर पक्क्या काँक्रीटचा हवा, नाहीतर उचलून वर नेता येईल असा हलका. प्लायवूड पुरात फुगतं, तरंगतं आणि वाहून जातं.

मग सामान

काँक्रीट: जागा स्वतःची आणि गरज कायमची असेल तर माझा कौल यालाच. दोन्ही बाजूंना विटांची किंवा काळ्या दगडाची भिंत, आत दाबलेला मुरूम आणि वर जाळी टाकून चार इंच काँक्रीट. रॅम्प आणि घराचं जोतं जोडून ओतू नका. दोन्ही वेगवेगळे खचतात, म्हणून मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवा. पुढे तिथे फट दिसली तर ती बुजवून सपाट करा, कारण खुर्चीची पुढची लहान चाकं नेमकी अशाच जागी अडकतात. निदान सात दिवस पाणी मारा, उन्हाळ्यात दहा.

इथे गवंड्याशी आधीच बोलून घ्यावं लागतं. आपल्याकडे चांगला कोबा म्हणजे घोटून आरशासारखा केलेला कोबा, आणि गवंड्याचा हात आपोआप तिकडेच जातो. रॅम्पला घोटाई नको. वरचं सुटलेलं पाणी जिरलं, अंगठा दाबला तर खूण उठते पण अंगठा रुतत नाही, अशी वेळ आली की खराटा आडवा ओढायचा, म्हणजे उताराला काटकोनात. रेघा उभ्या पडल्या तर पाणी जातं पण पकड मिळत नाही. खराट्याचं काम सुरू असताना स्वतः तिथे उभे राहा. ती वेळ पंधरा-वीस मिनिटांचीच असते आणि एकदा गेली की गेली.

फरशी: शहाबादी स्वस्त आणि ओळखीची, पण वापरून गुळगुळीत होते आणि ओली झाली की सरकते. पॉलिश केलेला कडप्पा, ग्रॅनाइट किंवा घरातली उरलेली व्हिट्रिफाइड टाइल रॅम्पवर अजिबात लावू नका, कितीही शोभून दिसली तरी. फरशीच हवी असेल तर पार्किंगची चौकड्यांची टाइल किंवा टाकी मारलेला, म्हणजे छिन्नीने खरबरीत केलेला काळा दगड घ्या. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरतो, शेवाळतो. भिंतीला चालेल, वरच्या थराला नको.

लोखंड: भाड्याचं घर, अपार्टमेंटचा जिना किंवा वर्षभराचीच गरज असेल तर सोयीचं. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या आसपास फॅब्रिकेटर सहज मिळतात. चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा पत्रा घ्या, साधा नको. मात्र "काढून ठेवता येईल" या शब्दावर जाऊ नका. अठरा बाय चारचा चार मिलीमीटर पत्राच दोनशे किलोंच्या पुढे जातो, सांगाडा वेगळा. म्हणून तुकड्यांत बोल्ट लावून करून घ्या. गंज आधी खालून आणि वेल्डिंगच्या सांध्यांना लागतो. रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग, तिथे नीट बसलंय का, हे उलटं करून बघा. जाळी वापरणार असाल तर फटी अर्ध्या इंचाहून कमी हव्यात आणि पट्ट्या चालीला आडव्या.

ॲल्युमिनियम महाग, पण एक-दोन पायऱ्यांसाठी आणि उचलून नेण्यासाठी त्याला तोड नाही. प्लायवूड मी फक्त घरातल्या उंबऱ्यापुरतं सुचवेन, तेही वॉटरप्रूफ. जमिनीला टेकणारी कड वर्षातून एकदा वाळवीसाठी तपासा.

कडा आणि कठडा

दोन्ही कडांना तीन-चार इंचांचा उंचवटा ठेवा, म्हणजे चाक बाहेर उतरत नाही. कठड्याचे पाइप दोन उंचींवर हवेत: एक रॅम्पच्या उतारापासून सुमारे अडीच फुटांवर, दुसरा तीन फुटांवर. पाइप दीड इंच जाड आणि भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे मूठ पूर्ण बसते. स्टेनलेस स्टील घेत असाल तर दुकानदाराला 202 ग्रेड की 304, हे विचारून बिलावर लिहून घ्या. 304 महाग असतं, पण पावसाच्या पट्ट्यात टिकतं.

पैसे चुकते करण्याआधी

दोन बादल्या पाणी ओता. कुठे डबकं साचलं तर ते लगेच दुरुस्त करून घ्या. मग ओल्या रॅम्पवर खुर्चीत पन्नास किलोचं पोतं बांधून, रोज ढकलणार आहे त्याच माणसाला, रोजच्याच चपला घालून वर न्यायला आणि खाली आणायला सांगा. उतरताना खुर्ची पाठमोरी आणायची, हेही तेव्हाच शिकवा. ज्या जागी पाय सरकला तिथे खडूने खूण करा आणि गवंड्याला तेवढा भाग टाकी मारून खरबरीत करायला सांगा. दाराशी सकाळी सडा घालत असाल तर तो रॅम्प सोडून घाला. पावसाळ्यात दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने शेवाळ घासून काढा.