थीम टाकली अन् कर्सर दिसना? या चुका टाळा

एप्रिल-मे मधे नांदेड-परभणीकडं घरून काम करणाऱ्यांना हे नवीन नाही, दुपारी लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर आला की ब्राइटनेस आपोआप पडतो, खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर, आणि टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीच्या, रात्री लई भारी वाटलेल्या थीममधे कर्सर हुडकत बसावं लागतं. लोकं मग फॉन्ट मोठा करतात. त्यानं काही होत नाही, कारण बहुतेक वेळा थीम बनवणाऱ्यानं सोळा रंग मन लावून निवडलेले असतात अन् कर्सरकडं बघितलेलंच नसतं.

कर्सरला रंग दोन लागतात, एक ठोकळ्याचा, म्हणजे चौकोनी कर्सरचा, दुसरा ठोकळ्याखाली आलेल्या अक्षराचा. विंडोज टर्मिनलमधे स्कीममधे, म्हणजे थीमच्या रंगांच्या यादीत, कर्सरचा रंग लिहिला नाही तर तो पांढरा धरला जातो. आता सोलराइज्ड लाइट या थीमचं बॅकग्राउंड बघा, आरजीबी 253, 246, 227, म्हणजे जवळपास पांढरंच, त्यावर पांढरा कर्सर टाकला तर कॉन्ट्रास्ट येतो साधारण 1.08 ला 1. वेबसाइट सगळ्यांना नीट वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी नियमात बटणं-बिटणं दिसायला किमान 3 ला 1 अन् साध्या मजकुराला 4.5 ला 1 सांगितलंय, तेच माप इथं लावायला हरकत नाही. दुसरा रंग तपासायचा तर काहीतरी टाइप करा आणि डाव्या ॲरोनं मागं या, ठोकळ्याखालचं अक्षर गायब झालं की समजायचं गडबड तिथंच आहे. किटी, अलाक्रिटी या दोन्ही टर्मिनलांत हा रंग वेगळा देता येतो.

विम या टेक्स्ट एडिटरच्या कलरस्कीममधे कर्सरचा रंग बदलत बसू नका. टर्मिनलमधल्या विमचा कर्सर सहसा टर्मिनलच रंगवतं, त्यामुळं तिथं कितीही डोकं लावलं तरी फरक शून्य.

कधी कधी रंग ठीक असतो पण कर्सर खरंच लपवलेला असतो, एखादा प्रोग्राम मधेच बंद पडला की तो कर्सर परत चालू करायचा राहून जातो. टर्मिनलमधे टीपुट सीनॉर्म (tput cnorm) ही कमांड मारा, लगेच येतो. थीम बदलण्याआधी हे करून बघा, अर्धा तास वाचंल.

बारीक उभी रेघ आवडत असेल तर आवडू द्या पण उन्हात बसून काम असेल तर ठोकळाच ठेवा, रेघेचा कॉन्ट्रास्ट कितीही चांगला असू द्या ती असते एवढुशी.

अजून एक, यात कर्सरचा दोष नसतो पण लोक कर्सरलाच शिव्या देतात. सोलराइज्ड डार्कमधे आठ नंबरचा रंग, म्हणजे ब्राइट ब्लॅक, हा बॅकग्राउंडचाच रंग आहे, आणि झेडशेलचं (टर्मिनलमधल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम) ऑटोसजेशन प्लगइन सुचवलेली कमांड मुळात आठ नंबरनंच दाखवतं, मग काय दिसणार. सजेशन येतं, कर्सरच्या पुढं पडलेलं असतं, अन् आपण म्हणायचं प्लगइन चालंना. प्लगइनच्या हायलाइट स्टाइल सेटिंगमधे आठच्या जागी दहा टाका. तरी त्याच थीममधल्या कोडमधल्या कमेंटा साधारण 2.8 ला 1 वरच राहतात, त्या दुपारी वाचायच्या भानगडीत मी तरी पडत नाही.

व्हीएस कोड या कोड एडिटरच्या टर्मिनलमधे मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो 4.5 आधीच लावलेला असतो, तो अक्षरांचे रंग स्वतःच ओढून ताणून वाचण्यासारखे करतो. थीमचे रंग जसेच्या तसे पाहिजेत म्हणून काहीजण तो 1 करून ठेवतात अन् विसरतात. तसं केलं असंल तर आधी तो परत 4.5 करा.