मसाल्याच्या ब्रँडवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा यासाठी जनसंपर्क कसा करावा

तिखट, हळद, कांदा-लसूण मसाला यांची पंचाईत अशी की पाकीट फोडूनही गिऱ्हाइकाला भेसळ कळत नाही. हळदीतलं लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) किंवा तिखटातला सुदान रंग डोळ्यांना दिसत नाही, उलट माल जास्तच उठून दिसतो. ‘आमचा माल उत्तम’ असं तुम्ही म्हणता आणि भेसळ करणाराही तेच म्हणतो. त्यामुळे लहान मसाला उद्योगाने जनसंपर्कात करायचं ते एवढंच: दुसऱ्याला पडताळता येईल अशी माहिती त्याच्या हाताशी ठेवायची. कौतुक त्यानंतर, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

१. आधी कागद जमवा

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. प्रयोगशाळेला मान्यता आहे एवढं पुरत नाही, ती चाचणीगणिक असते. तुम्हाला हव्या त्या चाचण्या तिच्या मान्यतेच्या यादीत आहेत का, हे आधी विचारा. निदान ओलावा, कृत्रिम रंग, शिसं आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून होणारं विष) तपासून घ्या. नियमाप्रमाणे तिखटात ओलावा ११ टक्के आणि हळद पुडीत १० टक्के यापेक्षा जास्त चालत नाही. तो वाढला की गाठी होतात, बुरशी धरते आणि पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. कीटकनाशकांच्या अंशांची चाचणी महाग पडते. ती प्रत्येक बॅचला न परवडल्यास मिरचीच्या प्रत्येक खरेदीला एकदा करा.

अहवाल हातात आला की दोन ओळी नीट वाचा. नमुना प्रयोगशाळेने स्वतः घेतला की तुम्ही नेऊन दिला, हे एका ओळीत असतं. निकाल फक्त त्या नमुन्यापुरता लागू आहे, असं दुसरीत असतं. म्हणजे गेल्या वर्षीचा एक अहवाल दाखवून ‘आमचा मसाला प्रमाणित’ म्हणता येत नाही. चौकस बातमीदार पहिला प्रश्न हाच विचारतो. प्रयोगशाळेचं नाव जाहिरातीत घालायचं तर तिची लेखी परवानगी घ्या.

बॅच क्रमांकावरून तो अहवाल गिऱ्हाइकाला मोबाइलवर उघडता आला पाहिजे, त्यासाठी पाकिटावर क्यूआर कोड छापा. पाकिटावरचा बॅच क्रमांक तेलकट अंगठ्याने घासून पाहा. चकचकीत प्लास्टिकवरची शाई मसाल्याच्या हाताने हमखास पुसली जाते, आणि क्रमांकच वाचता येत नसेल तर मागचं सगळं फुकट. प्रत्येक बॅचची दोन बंद पाकिटं मुदत संपेपर्यंत राखून ठेवा. तक्रार आली की तीच कामाला येतात.

२. शब्द चाळून घ्या

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक हा परवाना आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नाही. ‘एफएसएसएआय प्रमाणित शुद्धता’ असं कुठेही लिहू नका. दर्जाची सरकारी खूण हवी असेल तर ॲगमार्क घ्या.

जाहिराती आणि दाव्यांबद्दलच्या २०१८च्या नियमांनुसार ‘शुद्ध’ हा शब्द एकाच घटकाच्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थालाच लावता येतो. निव्वळ हळदीला चालेल, कांदा-लसूण मसाल्याला नाही. कारखान्यात दळलेल्या मालाला ‘घरगुती’ म्हणणंही दिशाभूल ठरू शकतं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे हळद दुसरीकडून आणून पाकिटावर सांगली छापणं अंगाशी येईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

३. बातमी द्या, जाहिरात नको

‘अमुक मसाल्याला ग्राहकांचा उदंड प्रतिसाद’ ही बातमी नाही, ती केराच्या टोपलीत जाते. ‘तिखटाच्या प्रत्येक पाकिटाचा तपासणी अहवाल आता मोबाइलवर’ ही बातमी होऊ शकते. ‘मिरची घेताना रंगाची भेसळ कशी ओळखावी’ हा मजकूर तर पुरवणीला मार्च ते मेमध्ये, मसाल्याच्या दिवसांत, हवाच असतो. त्यात तुमच्या ब्रँडचं नाव एकदाच आलं तरी पुष्कळ.

प्रेसनोट २५० ते ३०० शब्दांची असावी. काय, कुठे, कधीपासून हे पहिल्या परिच्छेदातच संपवा. मालकांचं मनोगत दोन वाक्यांत आटोपा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून थेट मेलमध्ये टाका. लेटरहेडवर छापून त्याचा फोटो पाठवला तर डेस्कवरच्या उपसंपादकाला तो सगळा पुन्हा टाइप करावा लागतो, आणि गर्दीच्या दिवशी तो ते करत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडे कचरा होऊन उघडतो. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो छपाईच्या लायकीचा राहत नाही. फोटोखालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे नावं द्या. शेवटी अशा माणसाचा मोबाइल नंबर लिहा जो संध्याकाळी सातलाही फोन उचलेल. मेल दुपारी तीनच्या आत गेलेली बरी.

‘बातमी कधी लावताय?’ असा फोन एकदाही करू नका. पैशांचं पाकीट, भेटवस्तू, जेवणावळ यांच्या वाटेला जाऊ नका, अशी बातमी लागली तरी गावाला ती कशी लागली हे कळतंच. जाहिरात विभागाने पैसे घेऊन लेख छापायची तयारी दाखवली तर त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहून घ्या. समाजमाध्यमांवरच्या खाद्यवाल्यांनाही हाच नियम: पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर पोस्टमध्ये तसं सुरुवातीलाच दिसलं पाहिजे.

४. कांडप दाखवा

बचत गट, सोसायट्या, ग्राहक संघटना यांना कारखान्यात बोलवा. एका वेळी १५ ते २० माणसं, पाऊण तास, बस. मिरची निवडणं, देठ काढणं, वाळवण, पॅकिंग हे दाखवा. दळण चालू असताना आत नेऊ नका, ठसक्याने पाहुणे बेजार होतात आणि तीच आठवण घेऊन जातात. टोपी आणि मास्क पाहुण्यांनाही द्या. पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम झाडलोट केलेली लगेच ओळखू येते. रोज तेवढी स्वच्छता नसेल तर हा कार्यक्रम पुढे ढकला.

५. वाईट दिवसाची तयारी आजच करा

ऑक्टोबर २००३मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने सुरुवातीला दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. एफडीएचं म्हणणं होतं, मग वेष्टनाचं काय? नंतर कंपनीने दुकानांतल्या साठवणुकीची तपासणी आणि सल्ला यासाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ हाती घेतला आणि जानेवारी २००४मध्ये सीलबंद दुहेरी वेष्टन आणलं. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती त्यानंतर आल्या. हा क्रम महत्त्वाचा: आधी वेष्टन, मग चेहरा.

मॅगीचं प्रकरण वेगळ्या कारणाने बघण्यासारखं आहे. एफएसएसएआयने ५ जून २०१५ला बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि एनएबीएल मान्यतेच्या तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितलं. तिन्हीकडचे निकाल चांगले आले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. कायदेशीर बाजू सावरली, पण मधले महिने दुकानातली फळी रिकामी होती. मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे स्वतःचे अहवाल आधीपासून हाताशी का हवेत, ते इथे दिसतं.

बोलणारा माणूस एकच ठरवा. मालक, मुलगा आणि वितरक तिघांनी तीन उत्तरं दिली की बातमी तीन दिवस चालते. तक्रार पसरायला लागल्यापासून तीन-चार तासांत पहिलं निवेदन बाहेर पडावं. त्याचा मसुदा आजच लिहून ठेवा, साधारण असा:

‘आमच्या २०० ग्रॅम तिखटाच्या बॅच क्र. ___ मध्ये गाठी आणि बुरशी आढळल्याची तक्रार आज आली आहे. या बॅचची विक्री आम्ही थांबवली आहे. हे पाकीट आपल्याकडे असल्यास वापरू नका, कोणत्याही दुकानात परत करून पूर्ण पैसे घ्या, पावतीची गरज नाही. राखीव नमुना तपासणीसाठी दिला आहे. उद्या दुपारी १२ वाजता पुढची माहिती देऊ.’

यात कारण नाही, कारण ते अजून कुणालाच माहीत नसतं. ‘स्पर्धकांचा कट’, ‘बदनामीचा डाव’ हे शब्द तर कधीच नकोत. आणि उद्या १२ म्हटलं की १२लाच बोला, अहवाल आला नसेल तर ‘अजून आलेला नाही’ एवढं तरी. माल सुरक्षित नसल्याची शंका असेल तर निवेदनाबरोबरच अन्न प्रशासनाला कळवा. माल परत बोलावण्याचे नियम २०१७पासून लागू आहेत आणि ती जबाबदारी तुमचीच आहे.

६. काय मोजायचं

कात्रणं चिकटवून त्यांची जाहिरातीच्या दराने किंमत काढायची पद्धत अजून चालते. मालकाला बरं वाटतं, बाकी उपयोग शून्य. त्याऐवजी दरमहा चार आकडे लिहा: क्यूआर किती वेळा उघडला, तक्रारी किती आल्या, त्यातल्या ४८ तासांत किती मिटल्या आणि किती दुकानदारांनी स्वतःहून माल मागवला. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढलेल्या दिसतील. फोन नंबर ठळक छापल्याचा तो परिणाम असतो, घाबरून नंबर बारीक करू नका.