तीन ‘हेवी रॉक्स’ आणि एक खिचडी

टोकियोच्या ‘बोरिस’ या बँडच्या सीडी मी गेली काही वर्षं जमवतोय. गेल्या महिन्यात सगळ्या फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) रिप केल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि मोबाइलवरच्या प्लेअरमध्ये टाकल्या. ‘हेवी रॉक्स’ हा अल्बम लावला तर ‘हेवी फ्रेंड्स’ हे पहिलं गाणं संपताच थेट दुसऱ्याच सीडीवरचं ‘रायट शुगर’! त्यानंतर ‘शी इज बर्निंग’. आधी वाटलं रिपच गंडलंय, म्हणून एक सीडी परत रिप केली. अर्धा तास फुकट.

दोष रिपचा नव्हताच. या मंडळींनी 2002, 2011 आणि 2022 अशा तिन्ही वेळी अल्बमला एकच नाव दिलंय. हौस त्यांची, ताप आपला. माझा प्लेअर फक्त कलाकार आणि अल्बमचं नाव बघतो, साल नाही. त्यामुळे तिन्हींचे ‘ट्रॅक 1’ पाठोपाठ, मग तिन्हींचे ‘ट्रॅक 2’, आणि कव्हर मात्र सगळ्यांना 2002 चं नारिंगी.

मग टॅग (फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची-अल्बमची माहिती) बदलायचं एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर उघडलं. प्रत्येक फोल्डर निवडून अल्बमच्या नावातच कंसात साल घातलं, कव्हरं फाइलमध्येच चिकटवली (2011 चं जांभळं) आणि प्लेअरला लायब्ररी नव्याने स्कॅन करायला लावली. टॅग बदलल्याने आवाजाला धक्का लागत नाही. तरी मनाची खात्री म्हणून फाइल तपासणारी ‘फ्लॅक -टी’ ही कमांड चालवली. फाइलमध्ये साठवलेल्या एमडी5 शी (मूळ आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) सगळं जुळलं.

आता ‘बोरिस’चाच ‘ड्रोनइव्हिल’ हा अल्बम उरलाय. त्याच्या दोन डिस्क एकाच वेळी वाजवायच्या असतात. त्यासाठी शेजाऱ्याचा स्पीकर मागावा लागणार.