व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी बूट होत नव्हतं, ते असं सुटलं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याचा जुना हिशेब विंडोज एक्सपीवर आहे. मशीन थकलं, म्हणून हार्डडिस्कची इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली फाइल) काढून व्हर्च्युअलबॉक्सला, म्हणजे संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामला जोडली. (इमेजची एक प्रत आधी बाजूला ठेवा, हे महत्त्वाचं.) लोगो दिसला की लगेच निळा स्क्रीन, एरर कोडच्या शेवटी ७बी. म्हणजे विंडोजला बूट डिस्कच सापडत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इमेज साटा कंट्रोलरवर (डिस्क जोडण्याची नवी पद्धत) होती आणि २००१ च्या एक्सपीत त्याला लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या स्टोरेज सेटिंगमध्ये आयडीई (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) कंट्रोलर घेतला, प्रकार पीआयआयएक्स४, इमेज त्यावर प्रायमरी मास्टर, म्हणजे पहिली डिस्क म्हणून लावली. एक्सपी झटक्यात सुरू झालं, सगळी खाती जशीच्या तशी! एवढं करूनही ७बी येत असेल, तर मूळ मशीनवर मर्जआयडीई (विंडोजमध्ये आयडीई ड्रायव्हरच्या नोंदी घालणारं छोटं साधन) चालवून मगच नवी इमेज काढा.