‘माया’ कुठे दिसली?

कलेचा इतिहास शिकायला लागलो त्या वर्षी बर्थ मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीच्या ‘पाळणा’ या चित्राचं रसग्रहण लिहिलं होतं. पानभर वात्सल्य, माया, मातृत्वाचा गोडवा. सरांनी ‘माया’खाली रेघ मारून एवढंच विचारलं, “कुठे दिसली?”

तेव्हा राग आला. आज कुणी नवखा विचारायला आला की मी त्याला हाच प्रश्न देतो.

चित्र १८७२चं. मोरिसोची बहीण एदमा आपल्या झोपलेल्या तान्ह्या लेकीकडे, ब्लांशकडे बघतेय. पाळण्यावर झिरझिरीत जाळी. (आपल्याला आधी मच्छरदाणीच आठवते, आठवू द्या.) दुसऱ्यांदा बसलो तेव्हा भावनेचं नाव काढायचं नाही असं ठरवलं आणि नुसते हात बघितले. एदमाचा डावा हात कोपरात दुमडून चेहऱ्याला टेकलाय. बाळाचा हातही तसाच दुमडलेला. आईची नजर, हे दोन हात, बाळाचे मिटलेले डोळे अशी एक तिरकी रेघ तयार होते आणि मागचा पडदा तिला आणखी जोर देतो. ‘माया’ म्हणायचीच तर ती या रेघेत आहे. पण एदमाच्या दुसऱ्या हातात जाळीची कड आहे, आणि ती जाळी येते आपल्या आणि बाळाच्या मध्ये. ही जवळीक आपल्याला दाखवायला नाहीच मुळी! ‘गोडवा’ तिथेच खोडला.

जाळी पांढरी आहे, असं लिहून मोकळं होऊ नका. मोठं करून बघा: राखाडी, निळसर, मधेच गुलाबी झाक. रंग पातळ, फटकारे भराभर मारलेले, बाळाचा चेहरा त्यामागे मऊ झालेला. मग फोनवर चित्र कृष्णधवल करा. उजेड पाळण्याकडे, आईचे कपडे गडद.

चरित्र मात्र शेवटी वाचा. एदमाही चित्रकार होती. १८६९ साली लग्न झालं आणि चित्रं काढणं सुटलं. हे कळलं की जो तो तिच्या चेहऱ्यावर खंत शोधतो. मीही शोधली. असेलही, पण बोट ठेवून दाखवता येईना. ‘थकवा’ लिहिलं.

सरांनी त्याखालीही रेघ मारली. या वेळी मी चित्रातल्या त्या टेकलेल्या हातावर बोट ठेवलं.